कुणाचा कायदा, कुठलं कोर्ट

मोबाइल बंद करा आणि पिशवीत टाका. मागच्या बाकांवरच्यांनीसुद्धा. आज नवा धडा होणार नाही. तुमच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि आधीचंच कच्चं राहिलंय हे दिसलं, त्यावर पुढचं रचण्यात अर्थ नाही.

प्रश्न साधा होता. घाटकोपर स्थानकाबाहेर एका तरुणाला मोबाइल चोरीच्या संशयावरून पकडलं. पोलीस ठाण्यात तो म्हणाला, 'चोरी मीच केली आणि फोन पंतनगरच्या एका गॅरेजमध्ये लपवलाय.' पोलीस पंच घेऊन तिथे गेले, फोन सापडला. ही कबुली खटल्यात चालेल का? निम्म्या वर्गाने लिहिलं, 'आरोपीला मिरांडा हक्क वाचून दाखवले नाहीत, सबब सुटका.' काहींनी पुढे 'पाचव्या दुरुस्तीनुसार' असंही जोडलं. कुठल्या देशाची पाचवी दुरुस्ती? भारतीय राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती १९५५ ची. राज्यांच्या सीमा बदलायच्या असतील तर त्या राज्याच्या विधानमंडळाने किती मुदतीत मत कळवायचं, याच्याबद्दल ती आहे. त्या मुलाचा आणि तिचा काय संबंध? लिहिण्याआधी एकालाही हा प्रश्न पडला नाही, याचं मला वाईट वाटलं.

तुम्ही मालिका बघता, बघा. त्याबद्दल मी बोलत नाही. पण कायद्याच्या पेपरात मालिकेतली वाक्यं उतरवता तेव्हा तुम्ही एका माणसाच्या सुटकेशी खेळता. आज तो कागदावर आहे, चार-पाच वर्षांनी अंधेरीच्या किंवा बोरिवलीच्या कोर्टात तुमच्यासमोर उभा असेल. त्याची आई बाहेर बाकावर बसलेली असेल आणि तुम्ही काय बोलता याकडे तिचे कान असतील.

उत्तर तुमच्याच पुस्तकात होतं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं २५ वं कलम. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या २३ व्या कलमात आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. हक्क सांगितले होते का, तो घाबरला होता का, स्वखुशीने बोलला का, यातलं काहीच विचारावं लागत नाही. इंग्रजांनी केलेला हा कायदा, आणि त्यांचाच आपल्या पोलिसांनी आणलेल्या कबुलीवर विश्वास नव्हता.

अमेरिकेत असं नाही. तिथे पोलिसांनी घेतलेला कबुलीजबाब खटल्याचा कणा असू शकतो. मिरांडाची सूचना ही तो कबुलीजबाब कोर्टात चालावा म्हणून पोलिसांनी पाळायची अट आहे. आता तुम्ही काय केलंत ते बघा. इथल्या कायद्याने ती कबुली मुळातच बाद आहे. तुम्ही अशिलासाठी तिकडचं कमजोर संरक्षण मागितलंत आणि हातातलं भक्कम सोडून दिलंत. सरकारी वकील उठून म्हणाले, 'हक्क सांगितले होते, ही डायरीतली नोंद,' की तुमचा युक्तिवाद संपला.

आणि फोनचं काय? त्याच २३ व्या कलमाचं परंतुक वाचलंत? पोलिसांच्या ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जुळणारा तेवढाच भाग पुराव्यात येतो. 'फोन गॅरेजमध्ये लपवलाय' येईल, 'चोरी मीच केली' येणार नाही. जुन्या कायद्यातलं हे २७ वं कलम. मुंबईतल्या फौजदारी कोर्टांत पंचनाम्यावरची अर्धी उलटतपासणी त्याच्याभोवती फिरते. बचाव तिथे करायचा होता. पंच कोण होते, गॅरेज सगळ्यांना उघडं होतं का, पोलिसांना ती जागा आधीच ठाऊक होती का. पंचांना एका ओळीत जागा देणाराही वर्गात कुणी निघाला नाही. शिवाय महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मकोका कायद्याचं १८ वं कलम आहे. अधीक्षक दर्जाच्या किंवा वरच्या पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली ते काही अटींवर चालवून घेतं. मुंबईत फौजदारी वकिली करणार असाल तर नियमाबरोबर हा अपवादही पाठ पाहिजे.

आता मिरांडा. नाव घेताच ना, मग पूर्ण घ्या. एर्नेस्टो मिरांडाला १९६३ मध्ये अॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात अटक झाली. त्याचा कबुलीजबाब घेताना गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क त्याला सांगितला नव्हता. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं ऐका. १९६७ मध्ये तो कबुलीजबाब बाजूला ठेवून त्याच्यावर पुन्हा खटला चालला आणि त्याला पुन्हा दोषी ठरवलं गेलं. म्हणजे 'हक्क वाचले नाहीत, सबब सुटका' हे तुमचं वाक्य अॅरिझोनातसुद्धा चूक आहे. त्या नियमाने जबाब बाद होतो, बाकीचा पुरावा उरतो आणि खटला चालू शकतो. शिवाय माणूस ताब्यात असेल आणि त्याची चौकशी चालू असेल तरच तो नियम लागू होतो. अटक करताना हातकडी घालत वाक्यं म्हटली नाहीत म्हणून तिकडे कुणी सुटत नाही.

आपल्याकडे मिरांडाचा दाखला कधीच आला नाही, असंही नाही. १९७८ मध्ये नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याचा आधार घेऊन गप्प राहण्याच्या हक्काची चर्चा केली. पण ती त्यांनी आपल्या घटनेच्या अनुच्छेद २०(३) च्या चौकटीत केली. अमेरिकेचा निकाल इथे बंधनकारक नसतो. अनुच्छेद १४१ प्रमाणे बंधनकारक असतं ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेलं. परका निकाल पटवण्यासाठी पुढे ठेवता येतो, तोही आपलं कलम आधी मांडून. हा क्रम तुम्ही उलटा केलात, आणि बहुतेकांनी आपलं कलम मांडलंच नाही.

हा क्रम कसा ठेवायचा, हे शिकायला तुम्हाला परदेशी जायची गरज नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीपुढे मसुदा मांडताना त्यांनी केलेलं भाषण तुमच्यापैकी किती जणांनी वाचलंय? हात वर करा. ठीक आहे. त्या भाषणात त्यांनी अमेरिकेची संघरचना आणि आपली रचना समोरासमोर ठेवली. तिकडे दुहेरी नागरिकत्व, इकडे एकच. तिकडे घटकराज्यांना आपापली घटना करायचा अधिकार, इकडे तसं नाही. तिकडे संघाची न्यायालयं आणि राज्यांची न्यायालयं वेगळी, इकडे एकच सलग न्यायव्यवस्था. आपल्या मूलभूत हक्कांना अपवाद फार, अमेरिकेत ते निरपवाद आहेत, असा आक्षेप तेव्हा घेतला जात होता. तो खोडताना त्यांनी गिटलो विरुद्ध न्यूयॉर्क या १९२५ च्या निकालाचा आधार दिला. तिथेही भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा आहेत, फक्त त्या घटनेत लिहिलेल्या नाहीत, न्यायालयांनी घातलेल्या आहेत, हे त्यांनी दाखवलं. त्यांना निकालाचं नाव माहीत होतं, त्यात काय ठरलं ते माहीत होतं, आणि आपल्या घटनेत त्यातलं काय लागू पडतं तेही माहीत होतं. तुमच्या उत्तरांत या तीनपैकी पहिलीच गोष्ट दिसते, तीही अर्धी.

त्याहून मोठी गोष्ट अनुच्छेद २१ ची. मसुद्यात अमेरिकेसारखी 'ड्यू प्रोसेस'ची तरतूद राहिली असती, तर कायदा न्याय्य आहे का हे न्यायाधीशांना तपासता आलं असतं. घटना समितीचे सल्लागार बेनेगल नरसिंग राव १९४७ च्या अखेरीस अमेरिकेत जाऊन तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. निवडून न आलेल्या न्यायाधीशांच्या हाती असा अधिकार देणं लोकशाहीशी विसंगत आहे, असं फ्रँकफर्टर यांचं मत होतं. ती तरतूद गेली आणि 'कायद्याने प्रस्थापित पद्धत' आली. १३ डिसेंबर १९४८ ला बाबासाहेब यावर बोलले. संसदेवर सगळं सोपवण्यातला धोका आणि न्यायाधीशांवर सगळं सोपवण्यातला धोका, दोन्ही त्यांनी सभागृहापुढे ठेवले, आणि यातून सोपी वाट नाही हे मोकळेपणाने सांगितलं. पण त्यांनी विषय तिथे सोडला नाही. १५ सप्टेंबर १९४९ ला त्यांनी नवा अनुच्छेद मांडला, तोच आजचा अनुच्छेद २२. अटकेचं कारण सांगायचं, वकिलाचा सल्ला घेऊ द्यायचा, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यायचं. घाटकोपरच्या त्या मुलाला पोलीस ठाण्यात जे हक्क आहेत, ते इथून आले. हे हक्क कुणी आणि का लिहिले, हे माहीत असलेला विद्यार्थी परक्या घटनेची पाचवी दुरुस्ती शोधत बसला नसता.

पुढे १९५० मध्ये ए. के. गोपालन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत शब्दशः वाचली आणि कायदा आहे एवढं पुरेसं मानलं. १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात ती पद्धत न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे असं ठरलं. जे घटनेतून वगळलं गेलं होतं, ते बरंचसं निकालांच्या वाटेने परत आलं. या अठ्ठावीस वर्षांच्या प्रवासावर सत्र परीक्षेत प्रश्न येणार आहे, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता अमेरिकेची रचना नीट लिहून घ्या, कारण 'अमेरिकन कायदा' हे दोन शब्द तुम्ही एका दमात लिहिता. तिथे पन्नास राज्यं आहेत. बहुतेक फौजदारी कायदा, कौटुंबिक कायदा, करारांचा कायदा प्रत्येक राज्याचा आपापला. खून साधारणपणे राज्याचा गुन्हा. राष्ट्राध्यक्ष संघाच्या गुन्ह्यांना माफी देऊ शकतात, राज्याच्या गुन्ह्यांना नाही. अधिकारांची सनद १७९१ ची, पण ती फक्त संघ सरकारला बांधते असं १८३३ मध्ये बॅरन विरुद्ध बाल्टिमोर प्रकरणात ठरलं. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी दुरुस्ती आली आणि त्यानंतर त्या सनदेतले बहुतेक हक्क एकेक करून राज्यांना लागू होत गेले. बाबासाहेबांनी ज्याचा दाखला दिला तो गिटलो निकाल त्या वाटेवरचाच एक टप्पा. बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या न्यायालयातही बाद, हे १९६१ च्या मॅप निकालाने ठरलं. आपल्याकडे १९७३ च्या पूरनमल निकालाने नेमकं उलट सांगितलं. झडती बेकायदा असली तरी पुरावा संबंधित असेल तर तो वापरता येतो. 'झडतीचं वॉरंट नव्हतं म्हणून पुरावा बाद' असं ज्यांनी लिहिलं, त्यांनी हा निकाल काढून वाचावा.

एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला, या विषयावरही तुम्ही 'डबल जेपर्डी' लिहून मोकळे झालात. आपल्या उपनगरातलं प्रकरण घ्या. ६ नोव्हेंबर १९४९ ला जेद्दाहून आलेला एक प्रवासी सांताक्रूझ विमानतळावर १०७.२ तोळे सोन्यासह सापडला. सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी सोनं जप्त केलं. मग परकी चलन कायद्याखाली मुख्य प्रेसिडेन्सी दंडाधिकाऱ्याच्या कोर्टात त्याच्यावर खटला भरला गेला. एकाच कृत्यासाठी दुसऱ्यांदा शिक्षा, असं म्हणून तो अनुच्छेद २०(२) वर लढला. मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य, १९५३. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, सीमाशुल्क अधिकारी हे न्यायालय नाही, त्याच्यापुढची कारवाई म्हणजे खटला नाही, म्हणून हा दुसरा खटला नव्हेच. आपल्या अनुच्छेदात आधी खटला आणि शिक्षा, दोन्ही झालेलं लागतं. अमेरिकेत एकदा निर्दोष ठरला तरी पुरतं, सरकारला निर्दोष सुटकेविरुद्ध अपीलच नाही. पण तिथेसुद्धा राज्य आणि संघ एकाच कृत्यासाठी वेगवेगळे खटले भरू शकतात, हे २०१९ च्या गॅम्बल निकालाने पुन्हा पक्कं केलं.

म्हणून नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्याबद्दल बोलताना काळजी घ्या. १९५९ मध्ये मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा निर्णय दिला. सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २४ नोव्हेंबर १९६१ ला कायम केली. अमेरिकेत ज्युरीने निर्दोष म्हटल्यावर न्यायाधीशाला असं करता येत नाही. आणि आठ विरुद्ध एक हा निर्णय तिथे आज चालणारही नाही, गंभीर गुन्ह्यात ज्युरीचं एकमत लागतं, हे २०२० च्या रामोस निकालाने सगळ्या राज्यांना बंधनकारक केलं. आपली ज्युरी आणि त्यांची ज्युरी नावाने एक, अधिकाराने वेगळ्या होत्या. ज्युरीवर निबंध लिहिणाऱ्या एकानेही हा फरक मांडला नाही.

आणि पडद्यावरच्या ज्युरीपुढची ती भाषणं तिथल्या कोर्टांचं रोजचं चित्र नाहीत. २०१२ च्या मिसुरी विरुद्ध फ्राय निकालात नोंद आहे, की संघाच्या न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के शिक्षा आरोपीने गुन्हा कबूल केल्यामुळे होतात. कबुलीच्या बदल्यात शिक्षा कमी करण्याचा असा सौदा आपल्या न्यायालयांना बराच काळ मान्य नव्हता. खामगावच्या व्यापाऱ्यांच्या खाद्यतेल भेसळीच्या प्रकरणात, मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७६, कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिलं. समाजाचं हित पणाला लावून दोघांनी परस्पर मिटवायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. २००६ मध्ये ती पद्धत आपल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली, तीही सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती, आणि स्त्रिया व लहान मुलांविरुद्धचे गुन्हे वगळून. का वगळले, याचा विचार करा.

हे सगळं आत्ता कशाला, पहिल्या वर्षाला, असं काहींना वाटतंय. सांगते. मुलुंडच्या, बोरिवलीच्या कितीतरी घरांतली मुलं-मुली न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये आहेत. उद्या एखादी मुलगी माहेरी परत येईल, हातात तिकडच्या कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम घेऊन. नवऱ्याने तो ती हजर नसताना मिळवलेला असेल. शेजारपाजारचे म्हणतील, अमेरिकेच्या कोर्टाने दिलंय, संपलं. तुम्हीही तसंच म्हणणार? १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. व्यंकटलक्ष्मी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीच्या कोर्टाचा असाच हुकूम मानायला नकार दिला. लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं, घटस्फोटाचं कारण त्या कायद्यात नसलेलं, आणि पत्नीने त्या कोर्टाचा अधिकार स्वीकारलेला नाही, मग तो हुकूम इथे चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं १३ वं कलम. त्या मुलीचं लग्न कायम आहे की नाही, तिला पोटगी मागता येते की नाही, मूल कुणाकडे राहील, हे तुम्ही त्या क्षणी काय विचारता यावर ठरेल. हुकूम कुठल्या राज्याच्या कोर्टाचा, कशाच्या आधारावर, तिला नोटीस गेली होती का. हे न विचारता तुम्ही 'अमेरिकन कायदा' म्हणालात, तर तिचं नुकसान तुमच्या हातून होईल.

तुमच्यातले बरेच जण नोकरी सांभाळून, गर्दीच्या लोकलने लटकत इथे येतात, हे मला ठाऊक आहे. घरातले पहिले वकील होणारेही आहेत. म्हणूनच मी आज चिडले. इतक्या कष्टाने मिळवलेला तास तुम्ही ऐकीव वाक्यांवर उधळता, हे मला बघवत नाही.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी अंधेरी, मुलुंड किंवा बोरिवली, जे घराजवळ असेल त्या कोर्टात जा. रिमांड चालू असेल तेव्हा मागे शांत बसा. आरोपीला किती वाजता अटक झाली, त्याला कारण सांगितलं का, त्याचा वकील आहे का, नसेल तर दंडाधिकारी विधी सेवा प्राधिकरणाचा वकील देतात का, हे लिहून आणा. आरोपींची नावं लिहू नका. मग घाटकोपरचा प्रश्न पुन्हा सोडवा. आधी आपलं कलम, मग आपला निकाल, आणि गरज असेल तरच परका निकाल, त्याच्या देशासह, न्यायालयासह आणि वर्षासह. सोमवारी वह्या घेईन.

आता साक्ष अधिनियम काढा, २३ वं कलम. खिडकीजवळची, तू उभी राहा. परंतुकासकट वाच, सावकाश.